न झिजलेला शब्द

ऑफिसातून आले की चहा उकळेपर्यंत मी वही उघडते. गॉथिक ही युरोपातली जुनी भाषा, आता कुणीच बोलत नाही. ती जगली असती तर आज कशी ऐकू आली असती, ते मी रचत बसते. कुणासाठी, ते विचारू नका. मीही विचारत नाही. या उद्योगाचा कायदा एकच. शब्दाच्या शेवटचा स्वर गळणार असं एकदा ठरलं, की तो सगळ्याच शब्दांचा गळतो. माया करायची नाही.

मी केली होती. बापाला तिथं 'अट्टा' म्हणत. पानभर शब्द तासले, हा एक तसाच ठेवला. आज तो कुणी कधी पायात न घातलेल्या नव्या चपलेसारखा दिसला.

भाषा झिजवतं कोण? दमलेली माणसंच. दिवसभर राबून आलेली, दारातून पोरांना हाका मारणारी. शेवटच्या अक्षरापर्यंत पोचायचं त्राण त्यांच्यात उरत नसेल.

"शै..." आतून बाबांची हाक आली. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांच्या तोंडून 'शैलजा' पुरं निघत नाही. मी रोज बजावते, "बाबा, पूर्ण म्हणा बघू. डॉक्टरांनी सांगितलंय ना?"

आज नाही बजावलं. पन्नास वर्षं हाका मारून मारून ते नाव एवढंसं उरलंय. मी 'अट्टा'चा शेवटचा स्वर खोडला, गॅस बंद केला आणि म्हणाले, "आले, बाबा."