वखारीतलं तिसरं पिंप

पहाटे साडेपाचला आमच्या घरात कुणी कुणाशी बोलत नाही. ह्यांची पहिली शिफ्ट असते, कंपनीची बस सहा वीसला फाट्यावर येते, आणि तोवर डबा भरून दाराशी ठेवायचा असतो. कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती. हे आंघोळीला गेले होते. तेवढ्यात दारावर थाप पडली. एक, मग थांबून दुसरी.

आमच्या गावात दार वाजवत नाहीत. अंगणातूनच हाक मारतात, आणि शालनबाईंची हाक तर लिंबाच्या झाडापासून ऐकू येते. म्हणून दार उघडल्यावर समोर त्याच उभ्या दिसल्या तेव्हा मी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. डोक्यावर पदर, पायात चपला नाहीत. हातात लहान मुलांची गुलाबी पाण्याची बाटली होती.

आत या म्हटलं तर आल्या नाहीत. बाटलीचं झाकण काढून त्यांनी ती माझ्यापुढे धरली.

"हे हुंग."

मी हुंगलं. नखांचा रंग पुसायच्या औषधासारखा वास होता, आणि त्याच्या मागे काहीतरी गोडसर. मी बाटली लांब केली.

"ह्याला वास येतोय मावशी."

"कसला?" त्यांनी विचारलं.

शालनबाई मला वास विचारत होत्या.

याचं नवल का वाटलं ते सांगते. चाकणच्या पुढे, हायवे सोडून आत आमचं गाव आहे. विकास सोसायटीची कांद्याची वखार गावाच्या तोंडाशीच. दगडी जोतं, विटांच्या जाळीच्या भिंती, वर पत्रा. मी लग्न होऊन बार्शीकडून आले तेव्हा ती बंदच होती, पण तिच्या गोष्टी चालू होत्या आणि त्यातली निम्मी शालनबाईंची होती. वयाच्या सोळाव्या वर्षापासून त्या तिथे कांदा निवडायला होत्या. ढिगात एक कांदा सडला तर आठ दिवसांत शेजारचे शंभर जातात. शालनबाई सकाळी अनवाणी वखारीत शिरायच्या, मधोमध उभ्या राहायच्या, आणि म्हणायच्या, तिकडं, चौथ्या थरात, भिंतीकडंनं. माणसं उकरायची आणि तिथेच पाणी सुटलेला कांदा निघायचा. व्यापारीसुद्धा गोणी फोडायच्या आधी त्यांना बोलवायचे. अजूनही गावात दूध नासलंय का, तूप भेसळीचं आहे का, गॅस गळतोय का, असं काही झालं की पहिलं वाक्य ठरलेलं, शालनबाईला विचारा.

मग जमिनी गेल्या, कांदा गेला, वखारीला कुलूप लागलं. बारा वर्षं तिच्यात घुशी आणि दारूच्या बाटल्या. गावाच्या चारी बाजूंना कंपन्यांच्या भिंती उभ्या राहिल्या आणि नळाला पाणी मात्र चौथ्या दिवशी. पत्र्याच्या खोल्यांमधून परगावची बिऱ्हाडं आली. नवरा-बायको दोघंही शिफ्टला. पोरं खोलीत कोंडून, बाहेरून कडी लावून आया कामाला जायच्या. एका उन्हाळ्यात शालनबाईंनी अशाच एका खोलीच्या फटीतून बाहेर आलेली चार बोटं बघितली. ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या सरपंच उद्धवरावांच्या दारात जाऊन बसल्या आणि वखारीची किल्ली घेऊनच उठल्या.

उद्धवराव वाईट माणूस नाही. पण वखारीची जागा रस्त्याला लागून आहे, आणि गोदामासाठी तिच्यावर डोळा असलेली माणसं त्यांच्या ओसरीवर चहाला असतात. किल्ली देताना ते हसत म्हणाले होते, "वापरा की. कुलूप मात्र फेकू नका, कधी काय लागंल."

ते कुलूप शालनबाईंनी दाराच्या आतल्या खिळ्याला टांगून ठेवलं. दोन वर्षांत वखारीचं रूप पालटलं. सकाळी सहापासून शिफ्टवाल्यांची वीस-बावीस पोरं, दुपारी शिलाईच्या चार मशिनी, संध्याकाळी दहावीच्या मुलींचा अभ्यास. मी तिथे गणित शिकवायला जाते. रविवारी गावातले म्हातारे पेटी घेऊन बसतात. गावात लोकांनी एकत्र बसावं अशी दुसरी जागाच उरली नव्हती.

पाणी साठवायला तीन निळी पिंपं दत्तोबाने दिली. दत्तोबा त्यांचा पुतण्या, भंगारवाला. आमच्या पट्ट्यात निळं पिंप नाही असं घर सापडणार नाही. कंपन्यांतून भंगारात निघतात, आपण राखेनं घासतो, चिंच लावतो, आठ दिवस उन्हात पालथी घालतो आणि पाणी भरतो. लग्नाच्या मांडवातही तीच असतात. दत्तोबा म्हणाला साबणाच्या पाण्याची आहेत. त्यालाही तसंच सांगितलं होतं. दोन जुनी होती. तिसरं चार महिन्यांपूर्वी आलं.

त्यानंतर काही गोष्टी मला दिसत होत्या. वखारीच्या पायरीवर झोपणारं कुत्रं पिंपाखालच्या ओलीला तोंड लावायचं सोडून समोरच्या गटारीवर जायला लागलं. पिंपाशेजारी डब्यात लावलेली तुळस खालून पिवळी पडली. दोनदा चहा पिताना मला काहीतरी वेगळं लागलं होतं. पण मी कप खाली ठेवून गप्प बसले, कारण पाणी शालनबाईंच्या हाताखालचं होतं. वाईट असतं तर त्यांना आधी कळलं असतं. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की शिलाईच्या बायकांनीही असाच विचार केला होता. दत्तोबानेही.

आता दारात उभ्या राहून शालनबाईंनी सांगितलं ते असं. करिष्माची तीन वर्षांची प्राजक्ता आठवडाभर ओकत होती. करिष्मा पोरीला वखारीत ठेवणारी, नांदेडकडची, नवरा रात्रपाळीला. काल चाकणच्या डॉक्टरांनी पोरीचं रक्त घेतलं आणि पहिलाच प्रश्न केला की ही पाणी कुठलं पिते. संध्याकाळी करिष्मा वखारीतून भरून नेलेली बाटली परत द्यायला आली आणि म्हणाली, मावशी, लेकरू म्हणतंय पाणी औषधासारखं लागतं. बाटली रात्रभर शालनबाईंच्या उशाशी होती.

"मग तुम्हाला नाही आला वास?" मी विचारलं.

त्यांनी झाकण लावलं. नीट, आटे बसेपर्यंत.

"मला येत न्हाई. करोनाच्या दुसऱ्या लाटंत गेला तो गेलाच. कुनाला बोलले न्हाई."

म्हणजे चार वर्षांहून जास्त. चार वर्षं लोकांनी त्यांच्यापुढे दूध धरलं, तूप धरलं, आणि त्या हुंगल्यासारखं करून अंदाजानं सांगत आल्या. कुकरची शिट्टी झाली. मी गॅस बंद केला, ह्यांना दाराबाहेरून सांगितलं की डबा अर्धाच आहे, आणि शालनबाईंबरोबर निघाले.

वखारीत उजेड पुरता आला नव्हता. पहिल्या पिंपाचं झाकण काढून मी वाकले. काही नाही. दुसरंही ठीक. तिसऱ्याचं झाकण काढलं आणि मला मागे सरावं लागलं. रात्रभर झाकलेला वास एकदम वर आला होता. शालनबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्या पिंपात हात घालून त्यांनी ओंजळ नाकाशी नेली, पुन्हा नेली, आणि सोडून दिली.

चुलीवर पोरांच्या खिचडीचं पातेलं भरून ठेवलेलं होतं. पाणी कुठल्या पिंपातलं, मी विचारलं. त्यांना आठवेना. एकच तांब्या तिन्हीत फिरायचा. मग आम्ही काहीच ठेवलं नाही. पातेलं ओतलं, तिन्ही पिंपं आडवी केली. पाणी जोत्यावरून रस्त्यावर गेलं. कुत्रं उठून बाजूला झालं.

सहाला आया आल्या. कडेवर पोरं, खांद्याला डबे, बसची घाई. शालनबाई दारात उभ्या राहिल्या आणि कुणाला आत सोडलं नाही. पाण्यात काहीतरी आहे, चार महिन्यांपासून असेल, ज्यांची पोरं पीत होती त्यांनी डॉक्टरला दाखवा, असं त्यांनी सरळ सांगितलं. दोघी परत फिरल्या. एकीने फोन काढून सुपरवायझरला लावला. करिष्मा शालीत गुंडाळलेली पोर घेऊन तिथेच उभी होती.

"मावशी, तुमच्या भरवशावर ठिवलं होतं की लेकरू. साऱ्या गावाचा वास तुमाला येतोय, अन् ह्याचा आला न्हाई?"

शालनबाई तेव्हा खोटं बोलू शकल्या असत्या. दत्तोबाचं नाव पुढे करता आलं असतं.

"न्हाई आला. माझं नाक गेलंय, बाई. चार वर्सं झाली," त्या सगळ्यांच्या देखत म्हणाल्या. "सांगितलं असतं तर तुमी पोरं माझ्याकडं ठिवली नसती, म्हनून न्हाई सांगितलं."

फाट्यावर बसचा हॉर्न वाजला. करिष्माला सुट्टी उरली नव्हती. तिने पोरीला माझ्याकडे दिलं, शालनबाईंकडे नाही, आणि धावत गेली. प्राजक्ताचं अंग गरम होतं. तिने डोळे उघडले नाहीत.

रस्त्यावरचं पाणी बघून सातच्या सुमारास उद्धवराव आले. मोटारसायकल चालूच ठेवली होती. सगळं ऐकून घेतलं, पिंप बघितलं, ओरडले नाहीत. मग दाराआडच्या खिळ्यावरचं कुलूप काढून त्यांनी त्यातच असलेली किल्ली फिरवून पाहिली. कुलूप सहज उघडलं. कुणीतरी त्याला तेल घातलेलं होतं.

"गुरुवारी पोरीचा रिपोर्ट हाय ना," ते म्हणाले. "बघू मग." कुलूप त्यांनी बाहेरच्या कडीला उघडंच अडकवलं आणि गेले.

दुपारी दत्तोबाने तिसरं पिंप कोयत्याने उभं फाडलं, म्हणजे ते दुसऱ्या कुणाच्या दारात जायला नको. दोन स्टीलच्या टाक्या आमच्या माळ्यावर पडून होत्या, त्या मी पाठवल्या. बावीसपैकी नऊ पोरं त्या दिवशी राहिली, कारण त्यांच्या आयांना दुसरी जागा नव्हती. शालनबाई त्यांच्यात बसून राहिल्या. मधूनमधून उठून टाकीशी जायच्या, वाकायच्या आणि परत यायच्या.

संध्याकाळी प्राजक्ताला करिष्माकडे देऊन मी निघाले तेव्हा शालनबाई दारापर्यंत आल्या. कडीला लटकलेल्या कुलपाकडे त्यांनी बघितलं नाही. गुरुवारी काय होईल, गाव काय म्हणेल, असलंही काही बोलल्या नाहीत.

"रुपाली, रोज सकाळी पोरं यायच्या आधी येशील का? पान्याचा वास घे आन् जा."