सरांच्या पुस्तकाचं परीक्षण

"तुझ्या बापाला आम्ही झाडू दिला. तुला पेन कोणी दिलं?"

रविवारची उपासना संपलेली. घाटकोपरच्या आमच्या चर्चचा हॉल. चहाचे कप घेऊन चाळीसेक माणसं उभी. सर मधोमध उभे राहून माझ्या तोंडासमोर चर्चच्या मंडळीचं मासिक नाचवत होते. माझा बाप, चर्चचा झाडूवाला, चार हात अंतरावर खुर्च्या रचत होता. त्याने ऐकलं. खुर्च्या रचत राहिला.

त्या मासिकात मी पुस्तकांची, सिनेमांची परीक्षणं लिहायचे. ख्रिस्ती नजरेने. पाळकसाहेबांनीच सांगितलेलं, प्रभूला आवडेल तसं लिही, म्हणजे खरं लिही. सिनेमांवर लिहायचे तोवर सगळे कौतुक करायचे. मग सरांचं पुस्तक आलं, आमच्या मंडळीच्या आठवणींचं. सर निवृत्त मुख्याध्यापक, चर्चच्या पंचकमिटीचे प्रमुख. त्यांचे पणजोबा ब्राह्मणाचे ख्रिस्ती झालेले. हे ते प्रत्येक भाषणात सांगायचे. पुस्तक चांगलं होतं. तसं मी लिहिलंही. पण शेवटी लिहिलं की जालन्याकडून आलेली आमची मांगाची माणसं याच चर्चमध्ये मागे तरटावर बसायची. प्रभुभोजनाचा एकच प्याला सगळे तोंडाला लावायचे, तो त्यांच्यापर्यंत सगळ्यात शेवटी यायचा. माझी आजी त्यांतली. पुस्तकात ती कुठेच नाही.

एवढंच.

सरांनी खिशातून माफीनामा काढला. टाइप करूनच आणलेला. पुढच्या रविवारी मंडळीसमोर वाचायचा. मग बापाकडे बघून शांतपणे म्हणाले, "खोली चर्चची आहे. लक्षात असू दे."

चर्चमागच्या त्या खोलीत माझा जन्म झालेला. आठवडाभर दार वाजलं की वाटायचं, खोली खाली करायला आले. बाप म्हणाला, "वाचून टाक, पोरी. दोन ओळी तर हायेत." मी हो म्हणाले. खरंच वाचणार होते. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

रविवारी उभी राहिले.  कागद उघडला. पहिली ओळ होती, मी अज्ञानातून खोटं लिहिलं. 'खोटं'पाशी जीभ अडली. आजी खोटी ठरत होती. माझ्या तोंडाने.

"मी लिहिलं ते खरं आहे," मी म्हणाले. आवाज फाटला. "माफी मागणार नाही."

 पाळकसाहेब बायबल उघडून खाली बघत राहिले.

माझं सदर बंद झालं. महिन्याभरात खोली गेली. आता आम्ही देवनारला राहतो, कचऱ्याच्या डोंगराच्या अंगाला. खोली सोडल्यावर बाप चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी सकाळी आपणहून म्हणाला, "माझी आई लई खोकायची त्या तरटावर. धूळ असायची. मी मांडीवर असायचो तिच्या."

परवा एक सिनेमा पाहिला. त्यात आमची माणसं गव्हाच्या पोत्यासाठी देव बदलून ख्रिस्ती होतात. थिएटर हसत होतं. शेजारचा तर टाळ्या देऊन हसत होता. सरांपुढे वाटली त्याहून मोठी भीती वाटली. ही माणसं खोली काढून घेऊन थांबणारी नाहीत.

घरी येऊन परीक्षण लिहिलं. फोनवरून ओळखीच्या सगळ्यांना पाठवलं. आजवर लेखाखाली नुसतं नाव घालायचे. आडनावावरून जात कळते म्हणून. आता आडनाव घालते. भीती वाटते.

वाटू दे.