दहाव्याला सोडलेली सायकल

माझ्या डाव्या गुडघ्याविषयी जालन्यात प्रत्येकाला काही ना काही मत होतं, आणि न विचारता ते ऐकवलं जायचं. निर्गुडीचा पाला बांधा, एरंडेल घ्या, मेथ्या चावा. सगळ्या सल्ल्यांचा शेवट मात्र एकच, सायकल सोडा. पन्नाशी उलटलेला, निजामाच्या सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, गणित शिकवणारा माणूस संध्याकाळी धोतराचा सोगा खोचून अंबडच्या रस्त्यानं सायकल हाकतो आणि तशीच परत आणतो, हे कोणाच्या पचनी पडत नव्हतं. काही काम असतं तर चाललं असतं. "काय काम काढलं मास्तर?" असं विचारायचे, आणि "काही नाही, सहज" म्हटलं की मी काहीतरी लपवतो आहे अशा नजरेनं बघायचे.

सायकल सोडा असं माझ्या बायकोनं मात्र कधी म्हटलं नाही. शेवटची दोन वर्षं ती दम्यानं घराबाहेर पडली नव्हती. मी परत आलो की उशीला टेकून उठून बसायची आणि विचारायची, "आज कुठवर?" मग मी सांगायचो. ज्वारी कुठं निसवली, कोणत्या विहिरीवर नवी मोट लागली, सरकीच्या गाड्या कुठं चिखलात रुतल्या. ऐकता ऐकता ती तेलाची वाटी ओढायची आणि माझा गुडघा चोळायला घ्यायची.

"पाय तुमचा, हौस तुमची, तेल तेवढं माझं," असं बोलून घ्यायची, पण हात थांबायचा नाही.

मार्गशीर्षात ती गेली.

दहाव्याच्या दिवशी नदीवर गेलो. भटजी म्हणाले, "मास्तर, डावा गुडघा भुईला टेकवा." पितरांच्या कामाला डावाच गुडघा टेकवावा लागतो. मी टेकवला. खाली वाळू आणि खडे होते. डोळ्यांत पाणी आलं ते तिच्यासाठी की गुडघ्यासाठी, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. पिंड ठेवला आणि सगळे मागं सरकले. समोरच्या बाभळीवर कावळे बसले होते. एकही खाली येईना.

पिंडाला कावळा शिवेपर्यंत गेलेल्या माणसाचा जीव कशात तरी अडकला आहे असं मानतात. मग जवळच्यांनी एकेक पुढं होऊन शब्द द्यायचा. मी म्हणालो, लेकीची काळजी करू नकोस. कावळा हलला नाही. घर नीट ठेवीन म्हणालो. तरी नाही. ऊन चढायला लागलं, माणसं पाय बदलून उभी राहू लागली. मागं कोणाला तरी कचेरीची घाई होती.

तेव्हा तिचा पाठचा भाऊ पुढं झाला. हा अंबडच्या तहसील कचेरीत पेशकार, तहसीलदारापुढं कागद मांडणारा कारकून. बोलण्यात वजन, डोक्यावर रुमाल, हातात छत्री. त्यानं हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अक्का, दाजी पुन्हा सायकलला हात लावणार न्हाईत. मी बघतो. तू बिनघोर जा."

आणि कावळा उतरला.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. "बघा, जीव कशात गुंतला होता!" असं कोणीतरी म्हणालं. मला ओरडायचं होतं, पण मी गुडघ्यावर होतो आणि मला आपलं आपण उठता येईना. दोघांनी काखेत हात घालून उठवलं. त्यातला एक तोच होता.

घरी आल्याबरोबर त्यानं माझी सायकल मागच्या खोलीत नेऊन भिंतीला लावली आणि तिच्यावर गोणपाट टाकला. मला विचारलंही नाही. तेराव्याचं जेवण होताच तो अंबडला निघून गेला.

पुढचे काही महिने मी सायकल सोडून होतो. शब्द पाळायचा म्हणून नव्हे, भांडायचं बळ नव्हतं म्हणून. गुडघ्याला आराम मिळेल असं सगळे म्हणत होते. गुडघा आखडला. पाटावर मांडी घालता येईना, भिंतीशी स्टुलावर बसून एकटा जेवू लागलो. शेजारच्या आजींनी मायेनं बिब्बा घातला. कातडी उतली आणि खाली जखम झाली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गुडघा न बघताच सांगितलं, "मास्तरसाब, उमर हो गई. आराम करो." आराम! मी आरामानंच लंगडा होत चाललो होतो, आणि भेटेल तो विचारत होता, "आता बरं वाटत असेल ना?"

यातलं काहीही सहन झालं असतं. सहन झालं नाही ते वेगळंच. मला शंका यायला लागली. आज कुठवर, असं ती विचारायची ते भीतीनं तर नव्हतं? मी किती लांब गेलो, कुठं पडलो तर कोण आणील, हा हिशेब करत ती पडून राहायची का? तोंडानं हौस म्हणायची आणि मनात सायकल सोडा म्हणायची का? दोन वर्षांच्या संध्याकाळी माझ्याजवळ होत्या. मेव्हण्याच्या एका वाक्यानं त्या संशयात पडल्या. चोरानं भांडी नेली असती तर इतका संताप आला नसता.

फाल्गुनात मी गोणपाट काढला. राग होता, पण डोकंही चालत होतं. मांडी घातली की गुडघा दुखायचा, ताठ उभं राहिलं की नाही. म्हणजे त्याला दुमडणं सोसत नव्हतं. मग सायकलवर तो किती दुमडतो ते मी भिंतीला धरून, बसून पाहिलं. आमच्याकडं प्रतिष्ठित माणसाची सायकल कशी असते? सीट खाली, म्हणजे बसल्या जागी दोन्ही पाय भुईला टेकावेत. धोतर सावरतं, पडायची भीती नाही, वयाला शोभतं. मीही चाळिशीनंतर ती तशी खाली घेतली होती. पायडलच्या दर फेऱ्याला माझा गुडघा जवळजवळ छातीशी येत होता. इतकी वर्षं मी शोभेसाठी गुडघा झिजवत होतो आणि तेल मात्र ती जिरवत होती.

सीटचा बोल्ट गंजला होता. घासलेट सोडून, शिव्या देत सीट वर घेतली. एकदम नाही, बोटभर बोटभर. आता पाय भुईला टेकत नव्हते, म्हणून चढायला-उतरायला एखाद्या मोरीचा कठडा किंवा मैलाचा दगड शोधावा लागायचा. निघण्याआधी तव्यावर तापवलेल्या वाळूची पुरचुंडी गुडघ्यावर धरायची. जाताना वारा तोंडावर घ्यायचा, म्हणजे थकल्यावर तो पाठीशी येतो. चढ आला की उतरून चालायचं. पहिल्यांदा लाज वाटली, मग तीही गेली. जगभर पेटलेल्या लढाईमुळं टायर मिळत नव्हते, म्हणून ठिगळांच्या टायरवर खडीतून जपून जायचं. आषाढापर्यंत मी पाटावर बसून जेवू लागलो. मांडी नाही, पण एक पाय लांब करून.

गाव गप्प बसलं नाही. भटजींनी भर रस्त्यात हटकलं.

"मास्तर, कावळ्याला शब्द दिल्ता."

"मी नव्हता दिला. ज्यांनी दिला त्यांनी सोडावी सायकल."

"पेशकारांकडं सायकलच न्हाई."

"मग त्यांना सोपं जाईल."

भटजींना हसू आलं होतं, पण ते त्यांनी उपरण्यात दाबलं.

वर्षश्राद्धाला पेशकार मोटारीनं आला. ओसरीवर सायकल उभी, चाकांना ओली माती. जेवणं झाली. भटजी गेल्यावर पान लावता लावता म्हणाला,

"दाजी, हे काय करून राह्यले तुम्ही? अक्काला शब्द दिल्ता आपण."

"आपण नाही. तुम्ही."

"कावळा शिवला न्हाई का मंग? साऱ्यांनी बघितलं."

"पेशकारसाहेब, तुमच्या कचेरीत साक्षीदाराला शपथ घालतात ना? तशी घ्या आणि सांगा. मी सायकल सोडावी, असं ती तुम्हाला कधी म्हणाली होती?"

त्यानं पान खाली ठेवलं.

"तसं न्हाई म्हणली."

"भीती वाटते म्हणाली होती?"

"न्हाई. उलट म्हणायची, त्यांच्या पायानं मी हिंडून येते." मग त्यानं डोक्यावरचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. "मला दुसरंच म्हणल्ती. दसऱ्याच्या आधी निरोप धाडल्ता तिनं. पिंपळगावला ने, रेणुकाईची ओटी भरायचीय, म्हणून."

पिंपळगाव रेणुकाई हे तिचं माहेर. आणि माहेरी न्यायला भाऊच यावा लागतो. बोलावणं नसताना नवऱ्यानं नेऊन सोडलेलं तिला कधीच चाललं नसतं. माझ्याजवळ ती एका शब्दानंही बोलली नव्हती.

"मी म्हणलो, काम निपटू दे, दिवाळीनंतर दमणी जुंपून आणतो. मंग राहूनच गेलं. नदीवर कावळा येईना तवा मला बराबर कळलं काय अडलं ते. बोलायला पुढं झालो. पण सारे समोर उभे. भाऊ असून न्यायला आला न्हाई म्हणले असते. तोंडातून सायकल निघून गेली."

"आणि कावळा उतरला."

"उतरला. मला वाटलं, सुटलो."

तो रडत होता. मला दया यायला हवी होती, आली नाही. मी म्हणालो, "ओटी भरून या. आणि नदीवर जे होते त्यांना हे सांगा."

"चार माणसांत?"

"चार माणसांतच बोलला होतात."

"मला माफ करा, दाजी," म्हणत तो छत्री घेऊन उठला. पौषात तो पिंपळगावला जाऊन ओटी भरून आला, असं लेकीकडून कळलं. जालन्यात मात्र तो कोणाजवळही बोलला नाही. मास्तरांनी मेलेल्या बायकोला दिलेला शब्द मोडला, हे गावात कायम राहिलं.

मीही खरं काय ते कोणाला सांगितलं नाही. कित्येकदा जिभेवर आलं, भटजींसमोर तर फारच. पण त्याला तिनं कडेवर वाढवलं होतं, आणि त्याची चार माणसांतली नाचक्की तिला सोसली नसती. हे मी तिच्यासाठी करतो, त्याच्यासाठी नव्हे, हे मला लिहून ठेवायचं आहे. तो मला माफ करा म्हणाला होता. मी अजून काही बोललेलो नाही.

परवा चढावर उतरून सायकल ढकलत होतो. मागून भटजी बैलगाडीतून आले. "काय मास्तर, शेवटी पायीच का?" म्हणाले. गाडी पुढं जाऊ दिली, पुढच्या दगडावर पाय ठेवून सायकलवर चढलो आणि अंबडच्या बाजूला निघालो.