वाफकाकांचा वाऱ्याशी तंटा

कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रात बॉयलर फिटर म्हणून उभी हयात काढलेल्या त्या माणसाला वसाहतीत सगळे वाफकाका म्हणत. हे नाव कामावरून पडलं की स्वभावावरून, यावर लोकांत दोन मतं होती. त्यांच्या बायकोचं मात्र एकच होतं.

केंद्र बंद झालं. गेटवर नोटीस डकवून साहेब मंडळी पसार झाली. मग समोरच्या टेकडीवर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या. कामाला माणसं आली ती सगळी बाहेरून. वाफकाकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी तिथे अर्ज केलाय," एके दिवशी जेवताना मुलगी म्हणाली. "टॉवरवर चढून दुरुस्ती करायची."

"त्या पंख्यांची? आपल्या पोटावर पाय दिलाय त्यांनी!"

"पाय साहेबांनी दिला, बाबा. वाऱ्याने नाही. आणि तुमच्या छातीत राख कुणी भरली?"

वाफकाका ओरडायला गेले आणि खोकल्याची उबळ आली. बायको पाठ चोळत राहिली. पोरगी खरं बोलत होती, म्हणून तर जास्त झोंबलं.

आठवड्याभरात मुलीला नकार आला. अनुभव नाही म्हणे! आता वाफकाकांच्या रागाला खरा पत्ता सापडला. पवनचक्क्यांच्या कंपनीने वसाहतीच्या सभागृहात सभा घेतली होती. व्यवस्थापक रंगात येऊन सांगत होता, "धूर नाही, राख नाही. हा शाश्वत विकास आहे. पुढच्या पिढ्यांसाठी!"

"कुणाच्या पिढ्या?" वाफकाका उठून गरजले. "धूर गिळायला आमची पिढी, आणि स्वच्छ वाऱ्यावर पगार घ्यायला तुमची माणसं? माझी पोरगी पुढची पिढी नाही होय?"

"काका, बसून बोला."

"बसतो की. पण इथे नाही!"

दुसऱ्या दिवशी भलंमोठं पातं घेऊन ट्रेलर आला, तेव्हा वाफकाका वसाहतीतल्या फिटरांना घेऊन रस्त्यात फतकल मारून बसले होते. शेजारी मुलगी. बायकोसुद्धा आली, पाण्याची कळशी घेऊन. संध्याकाळी व्यवस्थापक स्वतः उतरून आला. केंद्राच्या बंद वर्कशॉपमध्ये प्रशिक्षण सुरू करायचं आणि भरती आधी वसाहतीतून करायची, असं त्याने सगळ्यांसमोर कबूल केलं.

मुलगी पहिल्या तुकडीत लागली. वाफकाकांनीही नाव दिलं होतं, पण डॉक्टरांनी छाती तपासून नकारार्थी मान हलवली.

"हे पंखे आधी का नाही आणले?" ते डॉक्टरांवरच खेकसले. "वारा काय आता वाहायला लागलाय?"

मुलगी कमरेला पट्टा बांधून टॉवर चढायला शिकली. घरी आली की कौतुकाने वरच्या गोष्टी सांगायची. वाफकाका कान देऊन ऐकायचे, पण राग काही निवला नाही. खोकणाऱ्या जुन्या सोबत्यांना गोळा करून छातीतल्या राखेचा हिशेब मागायला त्यांनी बंद केंद्राच्या मालकांचं मुख्य कार्यालय गाठलं.

"साहेब मीटिंगमध्ये आहेत," दारावरचा शिपाई म्हणाला.

"असू देत," वाफकाका म्हणाले आणि दार ढकलून आत शिरले.