मागच्या खिडकीची पट्टी

पोलिसातल्या नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र जसंच्या तसं लक्षात आहे, आणि आठवलं की अजूनही डोकं तापतं.

माझ्या निवृत्तीआधीचा शेवटचा उन्हाळा होता. नागपुरात रिंग रोडलगतच्या एका वस्तीत एक निवृत्त प्राध्यापिका एकट्या राहत होत्या. ट्रकांचा आवाज आणि भाजून काढणारं ऊन यांना वैतागून त्यांनी घराच्या जुन्या खिडक्या काढून दुहेरी काचेच्या बसवून घेतल्या. काम आटोपल्यावर त्या एका लग्नासाठी काटोलला गेल्या. परतल्या तर अलमारीतले दागिने गायब. दाराचं कुलूप शाबूत, खिडक्या आतून बंद, काचेला साधा तडासुद्धा नाही. घराची दुसरी चावी फक्त कामवाल्या बाईकडे होती. वर्षानुवर्षं ती तिथे राबत होती, आणि त्या दिवसांत झाडांना पाणी घालायला येत होती.

मॅडमनी फिर्यादीत सरळ तिच्यावर संशय घेतला. त्यांची वर ओळख होती. दुपारी मला साहेबांचा फोन आला. सूर्यास्तानंतर बाईला अटक करता येत नाही, तेव्हा त्याआधीच उरकून टाका म्हणाले. उरकून टाका म्हणे! मी फक्त 'हो सर' म्हणालो आणि फोन ठेवला.

मॅडमच्या घरीच, महिला हवालदाराला शेजारी बसवून मी तिची विचारपूस केली. पढवलेला माणूस दर वेळी तेच शब्द बोलतो. हिचं सांगणं दर वेळी जरा वेगळं निघत होतं, मुद्दा मात्र तसूभरही हलत नव्हता. ती रडली नाही, हेही मला खटकलं नाही. खऱ्याखोट्याचा रडण्याशी काही संबंध नसतो. शेवटी तीच म्हणाली, “साहेब, त्या वस्तीत माह्याकडं पाच घरं आहेत. आज तुम्ही मले गाडीत बसवलं, तं उद्या कोणी दारात उभं करणार नाही. मंग तुम्ही सोडून देल्लं तरी काय उपयोग?”

तिला गाडीत न बसवता तिथेच हवालदाराजवळ ठेवून मी ठाण्यात परतलो.

चारच्या सुमाराला ठाण्यात एक फोन आला. खिडक्यांचाच धंदा करणारा एक दुकानदार होता. चोरीची बातमी त्याच्या कानावर गेली होती. मॅडमकडे ज्याने काम केलं, त्या ठेकेदाराने एका डॉक्टरांच्या घरीही खिडक्या बसवल्या होत्या, आणि तिथेही असेच दागिने गेले होते, असं त्याने सांगितलं. धंद्यातला जळफळाट असणार, असं मला वाटलं. पण हातात दुसरं काहीच नव्हतं आणि ऊन उतरायला लागलं होतं.

डॉक्टरांचं घर गाठलं. त्यांनी तक्रारच दिली नव्हती, ड्रायव्हरवर संशय घेऊन त्याला काढून टाकलं होतं. मी एकेक खिडकी पाहत गेलो. काचेला चौकटीत धरून ठेवणारी लांब पट्टी सगळीकडे घराच्या आतल्या बाजूला होती. फक्त मागच्या खिडकीची पट्टी बाहेरून होती. मी अंगणात उभा राहून पेचकस घातला, तर ती मुकाट निघून आली आणि पाठोपाठ अख्खी काच सैल झाली.

तिथून गाडी दामटत मॅडमचं घर गाठलं. तिथेही तेच, मागचीच खिडकी. तिची लोखंडी जाळी ठेकेदाराने 'नव्या खिडकीला अडते' म्हणून काढून टाकली होती. मॅडमचा विश्वासच बसेना. “तो मुलगा तसा नाही हो, चप्पल बाहेर काढून घरात यायचा,” त्या म्हणाल्या. निवड करताना त्यांनी आवाज किती थांबेल, ऊन किती अडेल, हमी किती वर्षांची, सगळं विचारलं होतं. याआधी कोणाकडे काम केलं, एवढंच विचारायचं राहिलं होतं.

ठेकेदाराला ठाण्यात आणलं. तो शांत होता. मी त्याला नुसतं विचारलं की पट्टी कोणत्या बाजूला असावी. त्याने गिऱ्हाइकाला समजवावं तसं समजावलं, आतच असावी, नाहीतर कोणीही बाहेरून काच काढेल. मॅडमकडे उलटी का, तर म्हणे चुकून बसली असेल.

“अन् डॉक्टरांकडेही चुकून मागचीच?”

त्याने पाणी मागितलं. पेला खाली ठेवला आणि सगळं कबूल केलं. लग्नाआधी काम संपव म्हणून मॅडमनीच त्याला बाहेरगावी जाण्याचा दिवस सांगितला होता. पंचांसमक्ष त्याचं निवेदन घेतलं आणि त्याच्या वर्कशॉपमधून दोन्ही घरांचे दागिने जप्त केले. बाईला तोवर केव्हाच घरी पाठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम ठाण्यात आल्या. बाईलाही जबाबावर सही करायला बोलावलं होतं. मॅडमनी सगळ्यांसमोर तिचे हात धरले, रडल्या, उद्यापासून ये म्हणाल्या. तिने हात सोडवून घेतले नाहीत.

“मले राग नाही, मॅडम. पण आता एखादी वाटी सापडली नाही, तं तुम्ही काही बोलणार नाही, फक्त माह्याकडं पाहान. मले ते समजन.”

बाकीची घरं तिने सोडली नाहीत. त्या घरी ती पुन्हा गेली नाही.

खिडक्या बदलताना लोक आजही मला सल्ला विचारतात. पट्टी आत आहे का बघा आणि ठेकेदाराच्या जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी स्वतः जाऊन या, एवढं मी सांगतो. दागिने मी कोर्टाच्या हुकमाने मॅडमना सहीनिशी परत केले. त्या बाईचं जे गेलं होतं, ते परत करायला आमच्याकडे कुठलीच तरतूद नव्हती.