नळावरून पारखलेली शाळा

त्याला सगळे पान्या म्हणायचे, कारण झोपताना सोडला तर पाना कायम त्याच्या मागच्या खिशात असायचा. खरं नाव लाइटच्या बिलावर होतं, तेवढं पुरे. वीस वर्षं लोकांच्या बेसिनखाली डोकं घालून त्यानं संसार चालवला होता आणि त्यातून त्याचं एक ठाम मत झालं होतं. माणसं बाहेरची खोली पाहुण्यांसाठी सजवतात, खरं घर कळतं ते संडास-मोरीत. हे मत तो जेवतानाही सांगायचा. बायकोनं त्यापुढे केव्हाच हात टेकले होते.

त्यांची एकुलती एक मुलगी मुंगी. अंगानं बारीक, सदा कशात तरी गुंतलेली, आणि बाहेरच्या माणसासमोर तोंडाला कुलूप. बालवाडीची दोन वर्षं रोज दुपारी एकच प्रकार चालायचा. दार उघडलं की दप्तर एका कोपऱ्यात, चपला दुसऱ्यात, आणि मुंगी धावत संडासात. जायचं असेल तर बालवाडीत सगळ्यांदेखत उभं राहून विचारावं लागायचं, आणि ते तिला जमत नव्हतं. मग ती दाबून धरायची. पाण्याची बाटली जशी भरून नेली तशीच परत आणायची आणि पान्या ती गॅलरीतल्या कुंडीत ओतायचा. एकदा लघवीला जळजळ होऊन ताप आला, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मुलगी पाणीच पीत नाही." का पीत नाही, ते पान्याला कुणी सांगावं लागलं नाही. झाड मात्र छान वाढलं होतं.

आता पहिलीचा प्रश्न आला. मुंगीच्या मामानं हमरस्त्यावरच्या चार मजली शाळेत शब्द टाकून ठेवला होता. त्याची दोन्ही मुलं तिथेच. "दाजी, तुम्ही फक्त येऊन सही करा. बाकी डोकं चालवू नका."

बायकोचं मनही तिकडेच झुकलं होतं. "आपण दोघं कुणापुढे चार वाक्यं बोलायची म्हटली तरी चाचरतो," ती म्हणाली. "पोरीनं तरी ताठ मानेनं बोलावं." पान्यानं मान डोलावली. त्यालाही तेच हवं होतं.

तर इस्त्रीचा शर्ट घालून तो बायको आणि मामाबरोबर गेला. एका चटपटीत बाईंनी कॉम्प्युटरची खोली दाखवली, पोहण्याचा तलाव दाखवला, काचेच्या कपाटातली बक्षिसं दाखवली. मग विचारलं, "काही शंका?"

"मुलांचा संडास बघायचा होता."

मामाला ठसका लागला. बायको छताकडे बघू लागली. त्या बाईंनी शिपायाला बोलावलं, कारण किल्ली त्याच्याकडे असायची. "आम्ही ठरलेल्या वेळी रांगेनं नेतो," त्या म्हणाल्या. "मध्येच सोडलं तर शिस्त राहत नाही." आत फरशी लखलखीत, नळ महागातले. पण पहिलीतल्या पोराचा हात पोचेल असा त्यात एकही नव्हता.

बाहेर आल्यावर मामा म्हणाला, "संडास बघून शाळा ठरवणारे तुम्ही पहिलेच." बायकोची नाकपुडी फुगली होती. घरी आल्यावर ती म्हणाली, "अहो, लोक शाळेचा निकाल विचारतात."

"निकाल दहा वर्षांनी लागतो. हिला रोज लागते."

त्याच्या डोक्यात दुसरी एक शाळा होती. एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर, जेमतेम साठ मुलांची. चार वर्षांपूर्वी तो तिथे टाकीचा बॉल बदलायला गेला होता, तेव्हा मोठ्या बाईंनी पाणी बंद करायचा मेन कॉक कुठे आहे ते स्वतः दाखवलं होतं. आपल्या इमारतीचा मेन कॉक माहीत असलेलं माणूस त्यानं वीस वर्षांत तिसऱ्यांदा पाहिलं होतं.

"बघू या," बायको म्हणाली. "पण तिथे जाऊन बेसिनखाली शिरायचं नाही."

पान्यानं कबूल केलं. हा शब्द त्यानं पाच मिनिटं पाळला.

मुंगीला घेऊन दोघं गेले, तेव्हा वर्गात चौदा मुलं होती आणि संडासाचं दार वर्गाच्याच मागच्या बाजूला. दाराशेजारी खिळ्याला लाकडाची चकती, एका बाजूनं हिरवी, एका बाजूनं लाल. जाणारानं ती उलटायची आणि येताना पुन्हा सुलटी करायची. विचारायचं कुणाला नाही. पान्या बघत असताना एक मुलगा गेला नि आला, आणि बाईंचा फळ्यावरचा खडूसुद्धा थांबला नाही. हात धुवायचे नळ पान्याच्या गुडघ्याशी होते. त्यातला एक गळत होता, त्याला फडकं बांधलेलं.

"हे बघा तुमचं," बायको पुटपुटली.

मोठ्या बाई ओशाळल्या. "परवापासून गळतोय. आमचा प्लंबर हल्ली फोनच उचलत नाही."

तो प्लंबर म्हणजे पान्याच; इस्त्रीच्या शर्टात बाईंनी त्याला ओळखलं नव्हतं, आणि फोन सोडून तो शाळा बघत फिरत होता. बायकोनं तोंडाला पदर लावला. पान्या कानापर्यंत लाल झाला आणि वाकून नळाखाली शिरला.

तेवढ्यात आईच्या मागून आवाज आला. "वॉशर गेलाय."

सगळ्यांनी वळून बघितलं. मुंगी परक्या जागेत बोलली होती. मोठ्या बाई तिच्याशेजारी फरशीवर उकिडव्या बसल्या. "मग काय करायचं गं?"

"आधी कॉक बंद करायचा. मग खोलायचं. नाहीतर तोंडावर पाणी येतं."

"कॉक आहे कुठे माहितीये? चल, दाखवते. बंद तू करायचास." आणि मुंगी त्यांचं बोट धरून गेली. परत आली ती हात पुसत, कामावरून आलेल्या माणसाच्या चालीनं. पान्यानं खालूनच हात पुढे केला, तिनं त्याच्या नेहमीच्या हत्यारांच्या पिशवीतला नेमका वॉशर काढून त्यावर ठेवला. त्याचा ऊर असा भरून आला की डोकं बेसिनला आपटलं. ही माझी मुलगी, एवढंच त्याच्या मनात होतं.

तो भिजल्या गुडघ्यांनी बाहेर आला, तेव्हा बायको मोठ्या बाईंना विचारत होती, "सही कुठे करायची?"

पहिल्या दिवशी दुपारी दोघंही घरी थांबले. बेल वाजली. बायकोनं दार उघडलं आणि सवयीनं भिंतीला चिकटून वाट मोकळी केली.

मुंगी धावली नाही. तिनं चपला जागेवर ठेवल्या, दप्तर खुर्चीवर ठेवलं आणि स्वयंपाकघरात डबे हुडकू लागली. आईनं दप्तरातली बाटली काढली, हातात तोलली आणि नवऱ्याकडे दिली. पान्या गॅलरीत गेला. त्यानं बाटली कुंडीवर उलटी धरली, हलवली, पुन्हा हलवली. एकही थेंब पडला नाही.

त्या दिवसापासून झाडाला नळाचं पाणी घालावं लागलं.