सुटली म्हणा

बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात सेफ्टी सुपरवायझर असलेला विक्रम देशकर रविवारी दुपारी देवाचा योद्धा व्हायचा. हसू नका, त्याच्या बायकोनं तुमच्या वाटचंही हसून घेतलंय. बेसा भागातल्या नूपुरच्या फ्लॅटवर चार मित्र जमायचे. टेबलावर फासे, कागद आणि चिवड्याची परात. नूपुर गोष्ट चालवायची आणि बाकीचे तिच्यातली पात्रं व्हायचे, कुणी चोर, कुणी जादूगार. विक्रम सहा वर्षं एकाच पात्राला चिकटून होता. सत्यव्रत, पॅलाडिन. म्हणजे देवापुढे शपथ घेऊन तलवार उचललेला लढवय्या. त्याचं सगळं बळ त्या शपथेत. एकदा खोटं बोलला की तेज गेलं, मग उरतो नुसता चिलखत घातलेला माणूस.

विक्रमनं सत्यव्रतला एकदाही खोटं बोलू दिलं नव्हतं. त्याच्या खरेपणापायी अख्खी टोळी दोनदा तुरुंगात गेली. चोर झालेला बंटी कपाळावर हात मारून घ्यायचा. विक्रमला मात्र आतून फार बरं वाटायचं. चांगुलपणा इतका फुकटात मिळाला तर कोणाला नको असतो?

मग तो मंगळवार उजाडला. एका मशीनच्या पट्ट्यावरची संरक्षक जाळी जागेवर नव्हती आणि एका कामगाराची दोन बोटं गेली. सकाळी जाळी तपासल्याची सही विक्रमची होती. तपासली कुठे होती? चहा पितापिता त्यानं रजिस्टरात एका दमात आठ सह्या ठोकल्या होत्या. मॅनेजर मनोहररावांनी सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा जीभ त्याच्या आधी धावली.

"आईशप्पथ सर, सकाळी जाळी होती. नत्थूजीनं मागून काढली असन."

नत्थूजी त्या मशीनवर सव्वीस वर्षं होते. जाळी तुटल्याचं आदल्या दिवशी त्यांनीच विक्रमला सांगितलं होतं. त्यांना त्याच दुपारी घरी बसवलं. गेटपाशी ते विक्रमजवळ आले. आता शिव्या बसणार, असं त्याला वाटलं. बसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "सुटली म्हणा."

"काय?"

"मायची शप्पथ घेतली ना तुम्ही. लहानपणी म्हणत होतो ना आपण, शप्पथ सुटली. म्हणून टाका. म्हातारी आहे घरी तुमची. तिले काहून काही व्हावं?"

"सुटली," विक्रम पटकन म्हणाला.

म्हणून झालं आणि मग त्याच्या लक्षात आलं. खरी शपथ कोणी सोडवून घेतं का? नत्थूजींनी डब्याची पिशवी सायकलला अडकवली आणि ते निघून गेले.

त्यानंतर घरात आईच्या डोळ्याला डोळा भिडवणं त्याला जमेना. "काहून नीट जेवून नाही राहिला रे?" ती विचारायची आणि ताटात आणखी एक पोळी टाकायची. त्याला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तरी तोंड उघडत नव्हतं.

रविवारी खेळात वेशीवरच्या पहारेकऱ्यानं सत्यव्रतला अडवलं. "तुझ्यासोबत आणखी कोणी आहे का?" नूपुरनं आवाज जाड करून विचारलं. चोर आणि जादूगार मागं झुडपात लपले होते. सगळे विक्रमकडे बघायला लागले.

"बोल ना बे खोटं," बंटी वैतागला. "इथं कोणाची नोकरी जाऊन राहिली? बोलून टाक अन् मागून सुटली म्हण!"

सगळे खो खो हसले. विक्रमनं हातातले फासे खाली ठेवले. कागदावरच्या माणसाला त्यानं सहा वर्षं खरं बोलायला लावलं होतं आणि स्वतः आईला पणाला लावून खोटं बोलला होता. समोरच्या कागदावर आपणच लिहिलेलं ते नाव वाचायचीसुद्धा त्याला लाज वाटली.

"सत्यव्रतचं तेज गेलं," तो म्हणाला.

"अरे, तू अजून काही बोललाच नाही," नूपुर म्हणाली.

"बोललो. मंगळवारी."

कोणाला काही समजायच्या आत त्यानं तिथंच, सगळ्यांदेखत, मनोहररावांना फोन लावला.

"सर, जाळी तुटलेली होती. नत्थूजीनं मले आदल्या दिवशीच सांगितलं होतं. मी न पाहता सही केली. त्यांचं काही चुकलं नाही."



"विक्रम," मनोहरराव म्हणाले, "तुम्ही तर आईची शप्पथ घेतली होती."

"हो सर," विक्रम म्हणाला. "ती नत्थूजीनं सोडवली."